उजवी पाकळी

भटवाडी, घाटकोपर
९ नोव्हेंबर १९८७

सुनंदे,

फाडायचं असेल तर वाचून फाड. पाकिटावरचं अक्षर ओळखलंच असशील, दोघींचं अक्षर एकाच मास्तरणीच्या छडीतून निघालंय. घाटकोपरहून ट्रॉम्बेला सरळ बस जाते आणि मी सख्ख्या बहिणीला तिकीट लावून पत्र धाडतेय. आये असती तर दोघींना एकेक ठेवून दिली असती.

परवा शनिवारी अनू आली होती. तिला ओरडू नकोस. टायपिंगच्या क्लासला म्हणून घाटकोपरला येते आणि क्लास सुटला की माझ्याकडे चहा पिऊन जाते, गेले दोन महिने. पोरगी तुझ्यावर गेलीय. खोटं बोलता येत नाही, लगेच कान लाल होतात. मीच तिला शिकवलं की आईला सांग बसला उशीर झाला. खोटं शिकवायचं काम माझ्याकडेच आहे ना आपल्यात.

तिने सांगितलं की तुझ्या हृदयाची झडप पार आकसलीय. जिना चढताना तीनदा बसतेस. डॉक्टर म्हणतात ऑपरेशन करा, जानेवारीत नंबर लागतोय, भावोजींच्या नोकरीवर सगळी सोय होतेय, आणि बाईसाहेब नको म्हणतात. का? तर "देवीने दिलेला जीव मी पाडला, आता ती माझा नेतेय, नेऊ दे." असं तू पोटच्या पोरीला बोललीस? तोंड धुते म्हणून ती मोरीत गेली आणि नळ सोडून रडत बसली. मी बाहेर उभी राहून कढीलिंब निवडत होते. आत जायची हिंमत झाली नाही. मी मावशी म्हणून जाणार की तुझी वैरीण म्हणून, तेच कळेना.

म्हणून लिहितेय. येत्या माघात आठ वर्षं होतील. तुला तिसरा महिना लागला होता. डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगितलं होतं, हे मूल ठेवलं तर आई वाचेल याची खात्री नाही. कायद्याने परवानगी होती, भावोजी सही करायला तयार होते, पण तू म्हणालीस देवीला विचारल्याशिवाय नाही. तुला प्रवास झेपणार नव्हता म्हणून मी गावी गेले. सातेरीदेवीसमोर तुझ्या नावाने कौल लावला. देवीने सांगितलं ठेव. मी येऊन तुला सांगितलं की देवी नको म्हणाली. तू माझ्यावर विश्वास ठेवलास आणि पोट पाडलंस. झालं. एवढंच आहे ते. आठ वर्षांत पहिल्यांदा कागदावर लिहिलं, तर चार ओळींतच संपलं.

माफी मागायला हे पत्र लिहिलेलं नाही. मागितली तर तू देणार नाहीस आणि मला मागता येत नाही. आयेचा हट्ट माझ्याकडे आला आणि तिचा सोज्वळपणा तुझ्याकडे. वाटण्या झाल्या तेव्हा मी झोपले असणार.

तू सोडून गेलीस त्या शेजारच्या खोलीत तीन भाडेकरू होऊन गेले. भिंत तीच आहे. उलथन्याने दोनदा ठोकलं की चहा टाकलाय, तीनदा ठोकलं की सासूबाई देवळात गेल्यात, ये. आठवतं? तुझ्या बाजूचा गिलावा तिथे खड्ड्यासारखा झाला होता, भावोजी दर दिवाळीला चुना भरायचे आणि तू दर दिवाळीनंतर परत पाडायचीस. आता पलीकडे एक कुटुंब आलंय, माणसं चांगली आहेत. मागच्या महिन्यात त्यांच्या बाईने खिळा मारायला दोनदा ठोकलं आणि मी चहाचं आधण ठेवून मोकळी झाले. मग एकटीनेच दोन कप प्यायले.

ऑपरेशन कर. एवढंच सांगायचं होतं.

जानकी

---

भटवाडी, घाटकोपर
२३ नोव्हेंबर १९८७

सुनंदे,

अनू म्हणाली, तू माझं पत्र फाडलं नाहीस, तांदळाच्या डब्यात ठेवलंस. चला, निदान किडे तरी लागणार नाहीत.

ऑपरेशनला मात्र अजून नाहीच म्हणतेस. बरं, तू गप्प बसणार, मी बोलणार. नवीन काय आहे त्यात? लहानपणापासून हेच चाललंय.

तुझे सांधे धरले होते ते वर्ष आठवतं? तू सात वर्षांची, मी चौदाची. डॉक्टर सांगतात ना, झडप तेव्हाच बिघडली. गावात आपल्याला एवढंच कळत होतं की ताप उतरत नाही आणि गुडघे सुजलेत. आये तुला घरापुढच्या खळ्यात घोंगडीवर ठेवायची आणि कामाला जायची. तुला खेळायला जाता येत नव्हतं म्हणून मी नदीवरून एक काळा धोंडा उचलून आणला, त्याला हळदकुंकू लावलं आणि आपण त्याची सातेरी केली. मी गुरव व्हायचे. जास्वंदीच्या दोन पाकळ्या ओल्या करून धोंड्याला चिकटवायचे, एक उजव्या अंगाला, एक डाव्या. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. तू हात जोडून, डोळे मिटून "व्हय म्हाराजा, व्हय म्हाराजा" करायचीस. आज आये मारणार काय? उद्या सोलकढी मिळणार काय? आणि रोज शेवटचा प्रश्न एकच. मी बरी होणार काय?

उजवीच पडायची, रोज. तुला वाटायचं देवी ऐकतेय. मी फुंकर मारायचे गो. ओठाच्या कोपऱ्यातून, हळूच.

हे आजपर्यंत कुणालाच सांगितलं नव्हतं. आमच्या ह्यांना पण नाही.

माझा देवीवर विश्वास नाही असं तू त्या गणपतीत म्हणालीस. "तू नास्तिक आहेस, म्हणून तुला खोटं बोलवलं." ती शिवी माझ्या जिव्हारी लागली, बाकीचं सगळं मी ऐकून घेतलं असतं. विश्वास नसता तर गेले कशाला असते बारा तास एसटीत धक्के खात? चौकात भजी खाऊन परत आले असते आणि सांगितलं असतं, डावा पडला. मी गेले कारण मला खात्री होती. ती आई आहे ना? दोन पोरांच्या आईला ती कशी नेईल? डावाच पडणार, म्हणजे पोट पाडायची परवानगी घेऊनच येणार, असं म्हणून मी आदल्या दिवशी डॉक्टरीणबाईंकडून तुझी तारीखसुद्धा ठरवून गेले होते.

सहदेव गुरवाने गाऱ्हाणं घातलं. म्हाताऱ्याचा आवाज काय होता तेव्हा, देऊळ भरून जायचं. "बा देवी म्हाराजे, मुंबैक आसा तुझा लेकरू सुनंदा, तिच्या पोटातला ठेवचा असात तर उजवो दी." मी "व्हय म्हाराजा" म्हणायच्या आत उजवी पाकळी पडली. थांबलीच नाही. असा पटकन पडलेला कौल मी जन्मात पाहिला नव्हता. सहदेवकाका हसला, म्हणाला, "देवी खूश आसा बाय."

मी पाकळी पदरात बांधली आणि एसटीत बसले. सगळा घाट मी भांडत होते तिच्याशी. तुला काय जातंय ठेव म्हणायला? तू दगडाची. माझी बहीण दगडाची नाही, दोन जिने चढली की तिचे ओठ निळे होतात. पनवेल आलं तोवर माझं ठरलं होतं. देवी खोटी आहे असं मला एक क्षण वाटलं नाही, सुनंदे. ती खरंच ठेव म्हणाली, हे मला माहीत होतं. माहीत असून मी तिचं ऐकलं नाही. नास्तिकाला एवढं भय वाटलं नसतं.

तू दारातच उभी होतीस. मी म्हटलं, डावा पडला. तू रडलीस, मग हात जोडलेस, आणि म्हणालीस, "तिची इच्छा." आणि माझ्याकडून ती पाकळी मागून घेतलीस. दवाखान्यात उशाखाली ठेवलीस. तीच उजवी पाकळी. ठेव म्हणणारी. ती उशाखाली घेऊन तू आत गेलीस आणि मी बाहेर बाकावर बसून होते. एक नर्स येऊन म्हणाली, घाबरू नका, पंधरा मिनिटांचं काम आहे. पंधरा मिनिटं झाली होती की आठ वर्षं, मला अजून कळलेलं नाही.

त्यानंतर गणपतीत सहदेवकाका मुंबईला आला, तू कौतुकाने त्याला चहा दिलास आणि तो बिचारा म्हणाला, "मगे, चेडू झाला काय झील?" मी भिंतीच्या अलीकडून ऐकत होते. मुलगी झाली की मुलगा, एवढंच विचारलं होतं त्याने. तेवढ्यावरूनच तुला सगळं कळलं.

तुझं चुकलं नाही. सोडून गेलीस ते बरोबरच केलंस. पण मेलीस तर मी केलेलं सगळं फुकट जाईल, एवढा तरी विचार कर.

जानकी

---

भटवाडी, घाटकोपर
८ डिसेंबर १९८७

सुनंदे,

अनू काल सांगत होती, तू माघातल्या त्या तिथीला दरवर्षी उपास करतेस आणि कोनाड्यात एक वाटी दूध ठेवतेस. पोरांना वाटायचं मांजराला. मला हे माहीत नव्हतं. दिवसभर हाताला काम सुधरलं नाही, आमटीत दोनदा मीठ पडलं. ह्यांनी ती तशीच ओरपली. गिरणी बंद पडल्यापासून मुलुंडला वॉचमनकी करून करून ह्यांना गप्प बसायची सवयच लागलीय.

आणि डॉक्टरांना तू सोमवारी शेवटचं नाही कळवणार आहेस, असंही ती म्हणाली.

म्हणून आता जे सांगतेय ते नीट वाच. हे सांगायचं नसतं. मनातला कौल तोंडावाटे काढला की फळत नाही म्हणतात, म्हणून मी गप्प होते, भांडणात तू मला नको नको ते बोललीस तेव्हासुद्धा. पण आता फळायचं ते फळून गेलंय.

त्या दिवशी दोन कौल लावले होते.

पहिला उजवा पडल्यावर मी सहदेवकाकाला म्हटलं, अजून एक लाव, मनातलं आहे. त्याने लावला. मी मनात देवीला म्हटलं, मी मुंबईला जाऊन तुझ्या नावाने खोटं सांगणार आहे. माझ्या बहिणीला यातलं काही माहीत नाही, ती तुझ्या शब्दाबाहेर नाही. जे पाप होईल ते सगळं माझ्या पदरात घाल, तिच्याकडे चुकूनसुद्धा बघू नकोस. मंजूर असेल तर उजवा दे.

तो कौल लवकर पडला नाही. नैवेद्य झाला, घंटा झाली, माझे गुडघे दुखायला लागले. मग पडला, उजवा.

मला देवीची शपथ आहे.

तेव्हापासून मी गावी गेलेली नाही. लोक म्हणतात जानकी मुंबईवाली झाली. तसं नाही. मी तिला सांगून आले होते की पाप माझं, म्हणून परत तुझ्या दारात तोंड घेऊन येणार नाही. जत्रा गेल्या, पालखी गेली, आयेच्या वर्षश्राद्धालासुद्धा ह्यांना एकट्यांना धाडलं. चैत्रात आपल्या खळ्यातली ती जास्वंद आठवते मला, आणि देवळाच्या पायरीवर सकाळी अनवाणी पाय ठेवला की जो गारवा लागतो तो. पन्नाशी उलटली तरी पायाला अजून तो लागतो. पण शब्द म्हणजे शब्द.

तेव्हा तू कसली शिक्षा भोगतेस? तुझ्या नावावर काही नाहीच. आठ वर्षांपूर्वीच ते माझ्या नावावर झालंय, देवीने स्वतः मान डोलावलीय. ती तुला न्यायला आली असेल तर चुकीच्या घरी आलीय, तिला भटवाडीचा पत्ता दे. मरायचं असेल तर मर, पण माझ्या पापावर मरू नकोस. ते तरी माझं मला ठेव.

लहानपणी तू मला एकच गोष्ट मागायचीस, कौल लाव म्हणून. आज मी मागतेय. हो म्हण.

जानकी

---

अणुशक्तीनगर, ट्रॉम्बे
३ जानेवारी १९८८

ताई,

मला तुझ्यासारखं चुरचुरीत लिहिता येत नाही. दम लागतो, म्हणून थांबून थांबून लिहितेय. मध्ये अक्षर बदललं तर अनूचं समज.

तुझं तिसरं पत्र वाचलं आणि मी खूप रडले. मग मला बरं वाटलं. आठ वर्षांत पहिल्यांदा कोनाड्याकडे बघून भीती वाटली नाही. सोमवारी डॉक्टरांकडे नाही सांगायला जायचं होतं, ते मी सांगितलं नाही. म्हटलं थोडं थांबू. आणि गावी सहदेवकाकाला पत्र टाकलं. का टाकलं ते विचारू नकोस. तुझ्यावर एकदा विश्वास ठेवलेला आहे ना मी.

त्याचं उत्तर परवा आलं. आता त्याला दिसत नाही, नातवाकडून लिहून घेतलंय. तो म्हणतो, "त्या दिसाक एकच कौल लावलंय. जानकी बाय दुसरो लाव म्हणान पाया पडली, पण कौल पडल्यार त्याच कामाक परत लावणत नाय, म्हणान मी लावलंय नाय. मगे ती नैवेद्य होईसर थयच बसान रवली आणि देवीक काय तरी सांगत होती. देवीन काय जवाब दिल्यान नाय."

म्हणजे दुसरा कौल त्याने लावलाच नाही. नैवेद्य होईपर्यंत तू तिथेच बसून तिला विचारलंस, आणि तिने काहीच सांगितलं नाही. तरी तू येऊन तेच केलंस. आणि आता तिचीच शपथ घेऊन मला लिहिलंस, उजवा पडला.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात ते खोटं नाही गो.

मला खूप राग आला, खरं सांगते. दिवसभर मी तुझी तिन्ही पत्रं घेऊन बसले होते, फाडायला. अनू घाबरून बाजूला बसली होती. मी तिला म्हटलं, तुझी मावशी देवीला किती घाबरते तुला माहीत नाही. देवीचा फोटो असलेलं कॅलेंडरसुद्धा ती वर्ष संपलं तरी रद्दीत घालत नाही, पाण्यात सोडते. पाय लागला तर दहा वेळा कान धरते. अशी बाई दोनदा तिच्या नावाने खोटं बोलली, आणि दोन्ही वेळा माझ्यासाठी. मग पत्रं परत तांदळाच्या डब्यात ठेवली.

ते मूल माझं होतं, ताई. ते मी ठेवलं असतं. देवी म्हणाली होती ठेव, मग मी गेले असते तरी हसत गेले असते. तू ते माझ्याकडून काढून घेतलंस, ते मी विसरणार नाही. वाटीत दूध मी ठेवणारच. पण त्या आठ वर्षांत माझ्या नंदूची मुंज झाली, अनू मॅट्रिक झाली, तिचे केस मी रोज विंचरले. तेही मी विसरू शकत नाही. दोन्ही माझ्याकडेच राहणार. देवीने कुणाच्या पदरात काय घातलं ते तिचं तिला माहीत, आपण वाटण्या कशाला करायच्या?

अठरा तारखेला सोमवारी भरती होतेय. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी. तुझे भावोजी आत्तापासून घाबरलेत, त्यांचा काही उपयोग नाही. बाहेर बाकावर बसायला माणूस पाहिजे. तुला बसायची सवय आहे. येताना जास्वंदीच्या दोन पाकळ्या घेऊन ये, भटवाडीच्या नळाजवळ झाड होतं ते अजून असेल तर.

आणि तू सांगितलंस की आजपर्यंत कुणालाच माहीत नाही, ते चूक आहे. सात वर्षांची होते तरी मला कळत होतं. मी दोन्ही डोळे मिटायचे नाही गो, एक उघडा ठेवायचे. तू फुंकर मारताना तुझे गाल फुगायचे ते मला दिसायचं. तरी मी "व्हय म्हाराजा" म्हणायचे.

आणि बरी झालेच ना मी तेव्हा?

सुनंदा